मीटरभराचा रेडिओ आणि बदनाम डोंगर

खानापूरहून पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरणारे किंवा कापूरहोळला सातारा रस्ता सोडून भोरमार्गे वरंध घाटाकडे निघालेले सायकलस्वार आता सुट्टीच्या दिवशी हमखास दिसतात. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत जिल्ह्याच्या रस्त्यांवरून धावली, तेव्हा तर या खेळातली सामग्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या शाळकरी पोरांनीही जवळून पाहिली. हँडलवर काडेपेटीहून थोडा मोठा पडदा, चाकाच्या हबवर एक सेन्सर, पॅडलच्या दांड्यावर दुसरा, छातीच्या पट्ट्यात तिसरा, आणि यांच्यात एकही वायर नाही. घाटात मध्येच वेगाचा आकडा शून्यावर येतो किंवा हृदयाच्या ठोक्यांच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा दिसतात, आणि निदान ठरलेलेच असते : डोंगरात रेंज नसते. निदान पटण्याजोगे वाटते, कारण त्याच वेळी खिशातला मोबाइलही मुका झालेला असतो. वेल्हे तालुक्याचे सरकारी नाव आता राजगड झाले, पण खोऱ्यात शिरल्यावर फोन लागेनासा होण्याची तिथली ख्याती जुन्याच नावाने चालत आली आहे. तरीही हे निदान चुकीचे आहे. चाकाच्या हबपासून हँडलपर्यंतचे अंतर जेमतेम मीटर, फार तर दीड मीटर. १४०३ मीटर उंचीचा तोरणा त्या दीड मीटरात कुठूनही येत नाही. खरा संशयित सायकलवर बसलेला असतो, दुसरा बटणाएवढ्या सेलमध्ये असतो. आणि या उपकरणांचा पल्ला तोकडा आहे ही जी तक्रार केली जाते, तो तोकडेपणा मुद्दाम ठेवलेला असून फायद्याचाच आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी दोन पद्धतींतला फरक समजून घ्यायला हवा, कारण बिनतारी म्हणून विकली जाणारी दोन वेगळीच यंत्रे बाजारात आहेत. स्वस्त आणि जुन्या धाटणीच्या कॉम्प्युटरमध्ये आऱ्यावर एक लोहचुंबक बसवलेला असतो आणि पुढच्या चिमट्यावर सेन्सर. चुंबक पाच-एक मिलिमीटर अंतरावरून गेला की सेन्सरमधला रीड स्विच मिटतो आणि तारेच्या एका छोट्या वेटोळ्यातून चुंबकी क्षेत्राचा ठोका सुटतो. हँडलवरच्या डबीतले दुसरे वेटोळे तो ठोका टिपते. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला छातीचा बिनतारी पट्टा आणला, तोही याच तत्त्वावर, सुमारे पाच किलोहर्ट्झवर चालणारा. पाच किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० किलोमीटर भरते, म्हणजे पुण्याहून भोरपलीकडे. एवढ्या लांब लहरीसाठी एक मीटर म्हणजे काहीच नव्हे. तिथे लहर सुटून दूर निघून जाण्याचा प्रश्नच येत नाही, फक्त वेटोळ्याभोवती चुंबकी क्षेत्र पसरते आणि ते अंतराच्या घनाने विरत जाते. अंतर दुप्पट केले की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर, तिप्पट केले की सत्ताविसाव्या. म्हणूनच अशा कॉम्प्युटरच्या माहितीपत्रकात सेन्सर ६० किंवा ७० सेंटीमीटरच्या आत बसवा असे ठणकावून लिहिलेले असते. ७० सेंटीमीटरला चालणारे यंत्र ९० सेंटीमीटरला बंद पडले तर त्यात नवल नाही. त्या वीस सेंटीमीटरांत क्षेत्र निम्म्याहून कमी झालेले असते. शिवाय दोन वेटोळ्यांची तोंडे एकमेकांना काटकोनात आली की जवळ असूनही संबंध तुटतो. डबी हँडलवर थोडी फिरवून बसवली की जादू झाल्यासारखे सारे सुरळीत होते, त्याचे कारण हेच.

या जुन्या पद्धतीला भोरच्या रस्त्यावर खरा त्रास होऊ शकतो, पण तोही डोंगराचा नव्हे. भाटघर धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॉटचे वीजघर आहे, खोऱ्यातून उच्चदाबाच्या वाहिन्या जातात. दमट हवेत त्यांच्या इन्सुलेटरवर जी चरचर ऐकू येते, ती कमी कंप्रतेचा विद्युतगोंगाट सोबत घेऊन येते. तारांखालून जाताना सायकलचा वेग मोटारीएवढा किंवा हृदयाचे ठोके उगाचच दोनशेच्या पुढे दिसले, तर ते या गोंगाटातून आले असे समजायला हरकत नाही. त्याहून मोठा उपद्रव सायकलच्याच हँडलवर बसलेला असतो. पहाटे निघणारे सगळे जण लावतात तो झगझगीत एलईडी दिवा आपल्या आतल्या सर्किटमध्ये सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतो, आणि जुन्या कॉम्प्युटरच्या वेटोळ्याला तो गोंगाट सेन्सरच्या ठोक्यापेक्षा मोठा ऐकू येतो. दिवा विझवल्यावर वेग परत दिसू लागला की गुन्हेगार सापडला.

नवी पद्धत वेगळी आहे. तिच्यात आकडे अंकीय संदेशाच्या रूपाने २.४ गिगाहर्ट्झवर पाठवले जातात. कॅनडातल्या डायनास्ट्रीम कंपनीची अँट प्लस ही एक भाषा (ही कंपनी २००६ मध्ये गार्मिनने घेतली) आणि कमी ऊर्जेचे ब्लूटूथ ही दुसरी. बहुतेक सेन्सर आता दोन्ही बोलतात. हा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला, म्हणून वाय-फायपासून सायकलपर्यंत सगळ्यांचा संसार त्याच पट्ट्यात आहे. इथे लहरीची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर. म्हणजे मीटरभर अंतरात आठ लहरी मावतात, आणि त्या खऱ्या अर्थाने सुटून प्रवास करतात. मोकळ्यावर त्यांची शक्ती अंतराच्या वर्गाने कमी होते, जुन्या वेटोळ्यासारखी झपाट्याने नव्हे. सेन्सर साधारण एक मिलिवॅट शक्तीने बोलतो. एका मीटरवर अशाच छोट्या अँटेनाच्या हाती त्यातला दहा हजारावा भाग लागतो. पण कॉम्प्युटरमधला रिसीव्हर मिलिवॅटच्या अब्जाव्या भागापर्यंतचा संदेश ओळखू शकतो. म्हणजे गरजेपेक्षा लाखपट शक्ती हाताशी आहे. वर्गमूळ काढले तर हाच सेन्सर मोकळ्या आकाशात तत्त्वतः तीनशे मीटरवरूनही ऐकू यायला हवा. प्रत्यक्षात कंपन्या दहा मीटरच्या वर फारसे वचन देत नाहीत. मधली एवढी मोठी शिल्लक जाते कुठे?

ती बहुतांशी माणूस खातो. आपले शरीर म्हणजे बरेचसे खारट पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी स्नायूत शिरल्या की दर दोन-सव्वादोन सेंटीमीटरला त्यांची शक्ती साधारण सातव्या हिश्श्यावर येते. (हा पट्टा पाण्याच्या रेणूंच्या खास कंप्रतेवर जुळवलेला आहे अशी एक लोकप्रिय समजूत आहे. ती खरी नाही. पाणी सर्वाधिक शोषते ते याच्या कितीतरी पट वरच्या कंप्रतेला. इथे शोषते ते पुरेसे आहे इतकेच.) छातीचा पट्टा पुढे आणि फोन जर्सीच्या मागच्या खिशात असेल, तर मध्ये वीस सेंटीमीटर धड येते. सातव्या हिश्श्याचा गुणाकार नऊ वेळा करून पाहा, उत्तर कोटींच्या घरात जाते, आणि शिल्लक तर लाखाचीच होती. आरपार असे काहीच पोचत नाही. जे पोचते ते कातडीला चिकटून वळसा घालून आलेले, किंवा आजूबाजूच्या वस्तूंवर आदळून परतलेले. शहरी आणि डोंगरी रस्त्यांतला खरा फरक इथे आहे. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना भिंती, दुकानांची शटर, बस, मोटारी. छातीवरून सुटलेली लहर कुठे ना कुठे आदळून मागच्या खिशात येतेच. केळदच्या पुढे मढे घाटाच्या माथ्यावर, जिथे दोन्हीकडे नुसते गवत आणि समोर कोकणचे आकाश, तिथे परतवायला कोणी नाही. गेलेली लहर गेलीच. याउलट वरंध घाटात कातळ कापून काढलेल्या रस्त्यावर एका अंगाला बेसॉल्टची भिंत असते, आणि कोरडा बेसॉल्ट समोरून आदळलेल्या शक्तीचा पाचवा भाग तरी परतवतो. ज्याला दोष दिला जातो तो डोंगर निदान या एका बाबतीत सायकलस्वाराची मदतच करत असतो. छातीवरचा हाच पट्टा आणि हाच माणूस, पण पडदा हँडलवर असला तर धड मध्ये येत नाही आणि संबंध जवळजवळ कधीच तुटत नाही.

कोणी म्हणेल, शहरात भिंती मदत करतात म्हणावे तर तिथे वाय-फायची गर्दीही असते. मग वेल्ह्यात सेन्सर अधिक चांगले चालायला हवेत. बरोबर, आणि हँडलवर पडदा असलेल्यांचे चालतातही. अँट प्लसचे सेन्सर २४५७ मेगाहर्ट्झ या एकाच जागी बोलतात, आणि वाय-फायचा सर्रास वापरला जाणारा अकरावा चॅनल ती जागा झाकतो. स्वारगेटच्या सिग्नलला उभ्या असलेल्या सायकलभोवती असे राउटर किती असतील, याचा अंदाज करावा. ब्लूटूथ चाळीस चॅनलांत उड्या मारत गर्दी चुकवते, अँट प्लस संदेश अतिशय छोटा ठेवून फटीतून निसटते. वेल्ह्यात ही कसरतच नको. अमुक उपकरणाचा पल्ला इतके मीटर, असे बोलणे म्हणूनच अर्धवट ठरते. पल्ला एकट्या पाठवणाऱ्याचा गुण नाही; ऐकणाऱ्याचा कान आणि भोवतालचा गोंगाट यांवर तो तितकाच अवलंबून असतो. याचा टोकाचा दाखला आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात खोडदला आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या शियापारेल्ली यानाचा संदेश टिपला होता. यानाचा प्रेषक काही वॅटांचा, अंतर सतरा कोटी किलोमीटरांहून जास्त. त्या यानाच्या रेडिओचा पल्ला किती होता, या प्रश्नाला खोडदमध्ये एक उत्तर आहे आणि घरच्या गच्चीवर दुसरे.

मग सेन्सरची शक्ती वाढवून शिल्लक मोठी का करत नाहीत? यावर तीन उत्तरे आहेत, आणि तिसरे मला सर्वांत वजनदार वाटते. पहिले सेलचे. सीआर २०३२ या बटण सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास एवढीच पुंजी असते आणि ती रोज तासभर धरून वर्षभर पुरवायची असते. सेन्सर सेकंदाला चार संदेश पाठवतो, प्रत्येक संदेश सेकंदाच्या सहा-सात हजाराव्या भागाएवढा. म्हणजे त्याचा रेडिओ हजारातल्या एका क्षणालाही पुरता जागा नसतो. पल्ला दसपट करायचा तर शक्ती शंभरपट लागेल, आणि तो बिचारा सेल एका दमात एवढा प्रवाह देऊच शकत नाही. दुसरे उत्तर सुरक्षिततेचे. ऑगस्ट २०२४ मध्ये सॅन दिएगोचे कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठ इथल्या संशोधकांनी दाखवून दिले की शिमानोच्या बिनतारी गिअरचे संदेश ध्वनिमुद्रणासारखे टिपून पुन्हा सोडले, तर सुमारे दहा मीटरवरून दुसऱ्याच्या सायकलचा गिअर बदलता येतो. कंपनीने सुधारणा केली. पण हाच पल्ला दहाऐवजी पाचशे मीटर असता, तर घाटाच्या वरच्या वळणावर बसलेल्यालाही ते जमले असते.

तिसरे उत्तर गर्दीचे. शर्यतीत शंभर सायकली एका झुंडीत धावतात आणि प्रत्येकीवर वेग, पॅडल आणि ठोके असे तीन सेन्सर धरले, तर तीनशे प्रेषक एकाच कंप्रतेवर सेकंदाला बाराशे संदेश सोडणार. कोणत्याही एका संदेशाच्या आगेमागे मिळून सेकंदाच्या सुमारे दहा हजारांत तीन भाग एवढा वेळ मोकळा मिळायला हवा, नाहीतर टक्कर. ढोबळ संभाव्यतेने हिशेब केला तर सगळ्यांना सगळे ऐकू येत असल्यास जवळपास तीस टक्के संदेश टकरीत जातील. पण पल्ला तोकडा असेल आणि प्रत्येक कॉम्प्युटरला भोवतीचे दहाच स्वार, म्हणजे तीस सेन्सर ऐकू येत असतील, तर हेच नुकसान तीन-चार टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात जवळचा जोरकस संदेश लांबच्या क्षीण संदेशावर मात करतो, त्यामुळे तीस टक्क्यांइतके हाल होणार नाहीत. पण ती मातसुद्धा शेजाऱ्याचा आवाज आपल्यापेक्षा क्षीण असल्यामुळेच शक्य होते. सगळ्यांनी आवाज शंभरपट चढवला तर कोणाचाच फायदा नाही. गावजेवणाच्या पंगतीत बसलेल्या कोणालाही हे नव्याने सांगायला नको.

एवढे होऊनही काही संदेश गळतातच, आणि त्याने अंतर चुकत नाही का, अशी शंका उरते. जुन्या पद्धतीत चुकते. तिथे प्रत्येक ठोका म्हणजे चाकाचा एक फेरा. एक ठोका हुकला की दोन मीटर कायमचे गेले. नव्या पद्धतीच्या रचनाकारांनी इथे शहाणपणा केला आहे. सेन्सर वेग पाठवतच नाही. तो आतापर्यंतच्या एकूण फेऱ्यांचा आकडा आणि शेवटचा फेरा पुरा झाल्याची वेळ, सेकंदाच्या १०२४व्या भागापर्यंत मोजून, पुन्हा पुन्हा सांगत राहतो. वजाबाकी कॉम्प्युटरने करायची. विजेचा मीटर वाचणारा एखाद्या महिन्यात आला नाही, तरी पुढच्या वाचनात त्या महिन्याचे युनिट येतातच, तसे हे. ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला पाचहून अधिक फेरे घेते आणि संदेश मात्र चारच येतात, तरी एकही फेरा हरवत नाही. दोन-तीन सेकंद पूर्ण शांतता झाली तरी अंतर बिनचूक राहते, फक्त पडद्यावरचा आकडा तेवढा वेळ गोठतो. अंतराच्या चुकीचे खरे कारण बहुधा वेगळेच निघते. २८ मिलिमीटरचा टायर बसवलेल्या सायकलच्या चाकाचा घेर साधारण २१३६ मिलिमीटर असतो, आणि कॉम्प्युटरमध्ये मात्र २३ मिलिमीटर टायरचा २०९६ हा जुना आकडा तसाच पडून असतो. शंभर किलोमीटरमागे जवळपास दोन किलोमीटरांचा फटका, आणि त्याचे खापर सिग्नलवर.

डोंगर अगदीच निर्दोष आहे असे मात्र नाही, आणि इथे विरोधी बाजूला तिचे माप द्यायला हवे. हँडलवरच्या त्याच डबीत आणखी एक रेडिओ असतो, जीपीएसचा. त्याचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, आणि जमिनीवर पोचणारा त्यांचा संदेश मिलिवॅटच्या दशअब्जांशाहूनही कितीतरी क्षीण. गुंजवणीच्या खोऱ्यात एका बाजूला तोरणा आणि दुसऱ्या बाजूला राजगड उभा राहिला की आकाशाचा मोठा तुकडा झाकला जातो, त्याबरोबर काही उपग्रहही. मोबाइल टॉवरचीही तीच गत. वेग जीपीएसवरून दाखवला जात असेल, तर तो झाडीत आणि कड्याखाली अडखळणार, घाटातली वळणे तो आडवी छाटणार. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. जिथे वीस हजार किलोमीटरचा रेडिओ डगमगतो, तिथे चाकावरच्या तोकड्या पल्ल्याच्या रेडिओचाच आधार असतो. पावसाचा आरोपही असाच तपासावा लागतो. वेल्ह्यात पाऊस कोसळतो तो कोणाला सांगायला नको, पण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीला मुसळधार पावसातही किलोमीटरमागे एक टक्काभरही घट येत नाही, मीटराची गोष्टच सोडा. पावसात सेन्सर बंद पडतो तो झाकणाच्या रबरी कड्यातून आत शिरलेल्या पाण्याने, सेलच्या पत्र्यावर चढलेल्या गंजाने. थंडीतल्या पहाटेचे कारणही सेलमध्येच सापडते : गारठ्यात सेलचा अंतर्गत रोध वाढतो, संदेश पाठवायच्या क्षणी विद्युतदाब खाली येतो आणि म्हातारा सेल तिथेच गप्प होतो. ऊन चढले की तोच सेन्सर परत बोलू लागतो, आणि तोवर स्वार घाट उतरून सपाटीला आलेला असतो. डोंगर बदनाम झाला तो असा.

तेव्हा पुढच्या वेळी वरंध किंवा मढे घाटाला निघण्यापूर्वी सेन्सरचा सेल वर्षाहून जुना असेल तर बदला, त्याच्या रबरी कड्यावर माती नाही ना ते पाहा, छातीचा पट्टा लावण्याआधी पाण्याने ओला करा, आणि कॉम्प्युटर म्हणून फोन वापरत असाल तर तो मागच्या खिशातून काढून हँडलवर आणा. जुन्या चुंबकी पद्धतीचा कॉम्प्युटर असेल तर दिवा आणि डबी यांत वीतभर अंतर ठेवा. नवा घेताना मात्र दुकानदाराला पल्ला किती मीटर हे विचारण्यात अर्थ नाही. पद्धत कोणती, सेल कोणता आणि झाकण पाण्याला किती दाद देते, एवढे तीनच प्रश्न पुरेत.